माकडं कुणी कोरली?

या भागाचा ऑडिओ ज्यांनी ऐकलाय त्यांना माहितीये, अर्ध्यात माझ्या वडिलांचा फोन येतो आणि रेकॉर्डिंग थांबतं. तो तुकडा मी कापलेला नाही. या भागाचं आणि त्या फोनचं नातं आहे, ते पुढं येईलच. ज्यांना ऐकायला वेळ नाही, बसमध्ये इअरफोन विसरलाय, त्यांच्यासाठी हा नेहमीसारखा लिहून काढलेला मजकूर. बोलताना अडखळलो ते काढलंय, बाकी तसंच आहे.

तर, डब्लिन. मागच्या वर्षी कंपनीनं मला आठ महिन्यांसाठी तिकडं पाठवलं होतं. ऑफिसमधून घरी जाताना मी रोज ट्रिनिटी कॉलेजच्या कुंपणाकडेनं चालत जायचो. किल्डेअर स्ट्रीट जिथं नॅसॉ स्ट्रीटला मिळतो, त्या कोपऱ्यावर लाल विटांची एक जुनी इमारत आहे. दोन महिने मी तिच्याकडं बघितलंसुद्धा नव्हतं. डोकं मोबाइलमध्ये, दुसरं काय. एकदा पाऊस आला म्हणून भिंतीला चिकटून उभा राहिलो, आणि माझ्या कमरेच्या उंचीला, खिडकीच्या खांबाच्या बुडाशी दिसलं काय, तर माकडं. दगडात कोरलेली. आणि करत काय होती? बिलियर्ड्स खेळत होती. टेबल, काठी, सगळं व्यवस्थित.

मी हसलो, फोटो काढला, ग्रुपवर टाकला. मुंबईत वकिली करणाऱ्या एका मित्राचा लगेच रिप्लाय आला, "अरे, आमच्याकडं पण आहे. आमचं माकड न्यायाधीश आहे." आणि त्यानं मुंबई हायकोर्टातल्या एका खांबाचा फोटो पाठवला. एका डोळ्यावर पट्टी, हातात तराजू, आणि तो तराजूही सरळ नाही. कोर्टाच्याच इमारतीत, दगडात, कायमचं. तिथंच जवळपास वकिलाचे बँड गळ्यात घातलेला कोल्हाही आहे म्हणे.

एक माकड डब्लिनचं, १८६० च्या सुमारासचं. दुसरं मुंबईचं, १८७८ ला पूर्ण झालेल्या इमारतीतलं. दोन्हीकडं राज्य इंग्रजांचं, दोन्हीकडं इमारत साहेब लोकांसाठी. आणि दोन्हीकडं कुणीतरी छन्नी-हातोडा घेऊन त्या साहेबांचीच टर उडवून गेलंय. आता हा योगायोग आहे का? मला ते शोधायचंच होतं.

आधी डब्लिनचं सांगतो, कारण गोष्ट तिथून सुरू होते.

ती बिलियर्ड्सवाली इमारत म्हणजे किल्डेअर स्ट्रीट क्लब. आयर्लंडच्या बड्या जमीनदारांचा क्लब. जमीन आयर्लंडची, कुळं आयरिश, आणि मालक बहुतेक इंग्रजी वळणाचे, वेगळ्या पंथाचे. दुपारभर पत्ते, बिलियर्ड्स, दारू. इमारत बांधली डीन आणि वुडवर्ड या आयरिश वास्तुरचनाकारांच्या जोडीनं. माकडं नक्की कुणी कोरली यावर अजून वाद आहे. काही म्हणतात ओ'शे बंधूंनी, काही म्हणतात चार्ल्स हॅरिसन नावाच्या कारागिरानं. पण त्या इमारतीशी ओ'शे हे नाव कायमचं चिकटलं, आणि त्याला कारण आहे.

जेम्स आणि जॉन ओ'शे हे दोघं भाऊ कॉर्क जिल्ह्यातल्या बॅलीहूली गावचे. आपल्या भाषेत पाथरवट. समोरच्याच ट्रिनिटी कॉलेजात १८५३ ते १८५७ या काळात डीन आणि वुडवर्डनी म्युझियम बिल्डिंग बांधली, तिचं कोरीवकाम यांचं. मी आत जाऊन आलो. दारातच दोन प्रचंड सांगाडे उभे आहेत, आयर्लंडच्या नामशेष झालेल्या राक्षसी हरणांचे, त्यामुळं पहिली पाच मिनिटं खांबांकडं लक्षच जात नाही. मग जातं. आणि कळतं की एकाही खांबाचा माथा दुसऱ्यासारखा नाही. कुठं ओकची पानं, कुठं लिली, मध्येच बेडूक, मध्येच खार, मध्येच पक्षी. कॉपी-पेस्ट कुठंच नाही.

हे का, ते थोडं समजून घेऊ, कारण मुंबईचं कुलूपही याच किल्लीनं उघडतं.

त्या काळात इंग्लंडमध्ये कारखाने जोरात होते. सगळं साच्यातून एकसारखं निघत होतं. तेव्हा जॉन रस्किन नावाच्या लेखकानं १८५१ ते १८५३ या दरम्यान व्हेनिस शहराच्या दगडांवर तीन खंडांचं पुस्तक लिहिलं. त्यातला मुद्दा माझ्या शब्दांत सांगायचा तर असा, की मध्ययुगातल्या गॉथिक चर्चमधलं कोरीवकाम ओबडधोबड असलं तरी जिवंत आहे, कारण तिथं कारागिराला स्वतःच्या डोक्यानं काहीतरी करायची मुभा होती. माणसाकडून यंत्रासारखं अचूक काम करून घेतलं की तो माणूस उरत नाही. वुडवर्ड हा रस्किनच्या विचारांचा माणूस. त्यानं ओ'शे भावांना सांगितलं, निसर्गात बघा आणि कोरा.

हीच जोडी मग ऑक्सफर्डला गेली, विद्यापीठाचं म्युझियम बांधायला. १८५५ ला काम सुरू, १८६० ला इमारत उघडली. ओ'शे बंधू सोबत होते. रोज सकाळी बोटॅनिकल गार्डनमधून ताजी झाडं-फुलं आणायची, समोर ठेवायची, आणि ती बघून खांबाचा माथा कोरायचा, अशी पद्धत. भारी ना? पण पुढं भांडण झालं. गोष्ट अशी सांगतात की जेम्स ओ'शेनं एका खिडकीभोवती माकडं कोरायला घेतली. विद्यापीठाच्या मंडळींना ते आवडलं नाही. डार्विनचं पुस्तक १८५९ च्या नोव्हेंबरात आलेलं, माकड हा विषय तेव्हा जरा नाजूकच! परवानगीशिवाय विद्यापीठाची इमारत खराब करतोस म्हणून त्याला झापलं. तर त्यानं माकडांची मांजरं करायला घेतली. तरी नाही म्हणाले. शेवटी त्याला कामावरून काढलं, तेव्हा पठ्ठ्यानं जाता जाता दरवाजावर पोपट आणि घुबडं कोरली. म्हणजे विद्यापीठाची ती पंडित मंडळीच. मग त्याच्याकडूनच त्यांची डोकी फोडून घेतली म्हणे. गोष्टीत मीठमसाला किती ते सोडा. पण ऑक्सफर्डच्या त्या इमारतीत कितीतरी दगड कोरायचे राहूनच गेले, आणि त्यातले काही पुढं विसाव्या शतकात दुसऱ्या कारागिरांनी पुरे केले, हे खरं आहे.

म्हणजे मुभा होती, पण किती? पानाएवढी. पान कोर, बेडूक कोर. माकड कोरलंस की घरी.

आता मुंबई. इथं मी जरा सावकाश जाणार आहे.

१८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध चालू होतं. तिकडचा कापूस बंद पडला, म्हणून मँचेस्टरच्या गिरण्यांना आपला कापूस लागला. खानदेश, वऱ्हाड, गुजरात, सगळीकडचा कापूस मुंबईच्या बंदरात, आणि मुंबईत पैशांचा पूर. गव्हर्नर बार्टल फ्रिअरच्या काळात जुन्या किल्ल्याचे तट पाडले आणि मोकळ्या जागेवर सरकारी इमारती उभ्या करायचं ठरलं. स्टाइल कुठली? गॉथिक. विलायतेत तीच चलती होती.

मुंबई विद्यापीठाचं उदाहरण घ्या. दीक्षान्त सभागृह आणि राजाबाई टॉवर, दोन्हींचे आराखडे लंडनच्या जॉर्ज गिल्बर्ट स्कॉटचे. हा गृहस्थ मुंबईला एकदाही आला नाही! नकाशे पोस्टानं आले. आजच्या भाषेत पूर्ण रिमोट. तोच प्रकार विल्यम बर्जेसचा, आणि त्याचं तर आयर्लंडशी सरळ नातं आहे. ओ'शे भावांच्या कॉर्क जिल्ह्यातलं मुख्य शहर म्हणजे कॉर्क. तिथलं सेंट फिन बार कॅथेड्रल या बर्जेसनं बांधलं, आणि त्यातले हजारावर पुतळे नि मुखवटे स्वतः आखले. ते काम चालू असतानाच त्यानं मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टसाठीही एक गॉथिक आराखडा काढला होता. तो फार खर्चिक निघाला आणि कागदावरच राहिला.

पण जे. जे. स्कूल राहिलं. आणि माझ्या मते या सगळ्या गोष्टीत खरी जागा तिचीच आहे.

सर जमशेटजी जीजीभॉय यांच्या एक लाखाच्या देणगीतून १८५७ ला ही शाळा सुरू झाली. १८६५ ला तिथं विलायतेहून दोन मास्तर आले, जॉन लॉकवूड किपलिंग आणि जॉन ग्रिफिथ्स. किपलिंग मूर्तिकामाचा. (त्याचा मुलगा रुडयार्ड त्याच वर्षाच्या डिसेंबरात मुंबईत जन्मला, तो मोगलीवाला. हे सांगितलं नाही तर कमेंटमध्ये कुणीतरी सांगतंच.) हे दोघंही रस्किनच्या त्याच हवेत वाढलेले, कारागिराला निसर्ग बघून कोरायला शिकवा म्हणणारे. क्रॉफर्ड मार्केटच्या दारावरची शेतकऱ्यांची, बाजाराची शिल्पं किपलिंगची. पुढं १८७५ ला तो लाहोरला गेला, ग्रिफिथ्स राहिला.

आता या ग्रिफिथ्सचं एक काम आपल्या मराठवाड्याशी जोडलेलं आहे. १८७२ पासून पुढं जवळजवळ १३ वर्षं तो जे. जे. च्या विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठ्याला जात राहिला. लेण्यांतली चित्रं जशीच्या तशी उतरवून घ्यायची. अजिंठा तेव्हा निजामाच्या राज्यात, म्हणजे आमचं राणीसावरगाव ज्या राज्यात होतं त्याच राज्यात. पेस्तनजी बोमनजीसारखे पुढं नाव काढलेले चित्रकार याच पोरांपैकी. त्यांनी अंधाऱ्या लेण्यांत बसून हत्ती, माकडं, हंस, कमळाच्या वेली, फळांचे घड कॅनव्हासवर उतरवले. त्या प्रती लंडनला गेल्या, आणि १८८५ ला तिथं आग लागून त्यातल्या बऱ्याच जळाल्या. तेरा वर्षांचं काम. बॅकअप घ्या रे बाबांनो.

आणि नेमक्या याच वर्षांत, १८७८ ते १८८८, मुंबईत काय उभं राहत होतं? व्हिक्टोरिया टर्मिनस. आपलं व्हीटी, आताचं छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस.

व्हीटीचा रचनाकार फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स. इंग्लंडमधल्या बाथचा, १८६७ ला विशीत पीडब्ल्यूडीच्या नोकरीला भारतात आलेला. म्हणजे स्कॉटसारखा पोस्टानं नाही, इथं राहून काम केलेला, आणि १९०० मध्ये मुंबईतच वारलेला. स्टेशनचा खर्च सुमारे १६ लाख १४ हजार रुपये. १८८७ ला राणीच्या राज्याला पन्नास वर्षं झाली म्हणून तिचं नाव दिलं. घुमटावर सोळा फुटांहून उंच बाई उभी आहे, 'प्रगती'. ती आणि फाटकावरचे सिंह नि वाघ इंग्लंडच्या थॉमस अर्पचे. मोठे, मानाचे पुतळे साहेबाचे, हे लक्षात ठेवा.

बाकीचं कोरीवकाम? ते जे. जे. च्या विद्यार्थ्यांचं, ग्रिफिथ्सच्या देखरेखीखाली. आणि म्हणूनच तिथं मोर आहे, माकडं आहेत, साप-सरडे आहेत, आपल्या झाडांची पानं आहेत. म्हणजे डब्लिनच्या म्युझियममधली जी पद्धत होती, प्रत्येक खांबाला वेगळी पानं, वेगळे प्राणी, तीच इथं मोठ्या प्रमाणावर दिसते, फक्त ओकच्या जागी आपलं रान आलंय. ओ'शे भाऊ मुंबईला आले होते असं मी म्हणत नाहीये, गैरसमज नको. दोन्हीकडं पोहोचलेला विचार एकच होता, आणि दोन्हीकडं त्याचा फायदा स्थानिक हातांनी उठवला.

माझी स्वतःची कथा ऐका. मी पहिल्यांदा मुंबईला आलो ते देवगिरी एक्स्प्रेसनं, परभणीहून, इंटरव्ह्यूसाठी. सकाळी व्हीटीला उतरलो, हातात फाइल, पाठीवर बॅग, आणि सरळ लोकलच्या इंडिकेटरखाली. वर बघितलंच नाही. डब्लिनहून परत आल्यावर मुद्दाम एक पूर्ण सकाळ तिथं घालवली. गर्दीत उभं राहून मान वर केली की लोक धक्के देतात, शिव्या देतात, पण बघाच. जुन्या तिकीटघराच्या दालनातले खांब बघा. दर्शनी भिंतीवर जगन्नाथ शंकरशेठ आणि जमशेटजी जीजीभॉय यांचे चेहरेही सापडतील, रेल्वे आणण्यात पुढं असलेल्यांचे.

आता मला खटकणारी गोष्ट. स्टीव्हन्सच्या हाताखाली काम बघणाऱ्यांत सीताराम खंडेराव वैद्य हे सहायक इंजिनिअर होते, हे नाव नोंदीत आहे. राजाबाई टॉवरवर पश्चिम भारतातल्या वेगवेगळ्या जातीजमातींच्या माणसांचे २४ पुतळे आहेत, ते घडवले रावबहादूर मुकुंद रामचंद्र या सहायक इंजिनिअरनी, हेही नोंदलंय. म्हणजे सरकारी हुद्दा असेल तर नाव टिकतं. पण तो वाकड्या तराजूचा माकड-न्यायाधीश कुणाचा? हायकोर्टाचा रचनाकार कर्नल जेम्स फुलर. बांधकाम १८७१ ते १८७८. खर्च १६,४४,५२८ रुपये, अंदाजपत्रकापेक्षा २,६६८ रुपये कमी! बजेटच्या आत संपलेला प्रोजेक्ट, मी तरी माझ्या नोकरीत अजून बघितला नाही. रुपया-रुपयाचा हिशोब आहे, पण माकडाच्या बापाचं नाव नाही. दंतकथा अशी की एका पारशी कंत्राटदाराचा कोर्टात वाद झाला, तो हरला, आणि त्यानं असा सूड उगवला. असेलही. पण कंत्राटदारानं जरी सांगितलं असलं तरी छन्नी त्याच्या हातात नव्हती ना. दगडावर बसून, उन्हात, ते माकड काढणारा माणूस वेगळाच.

आम्ही कोड लिहितो तेव्हा प्रत्येक ओळ कुणी लिहिली ते कायम नोंदलेलं असतं. चूक सापडली की 'गिट ब्लेम' मारायचं, नाव हजर. दगडाला तशी सोय नाही.

इथं एक गोष्ट मात्र सांगितलीच पाहिजे, नाहीतर मी आयरिश लोकांना उगाच आपले भाऊबंद करून टाकेन. तसं सरळ नाही ते. आयर्लंड इंग्रजांच्या ताब्यात होतं हे खरं, पण इंग्रजांचं भारतातलं राज्य चालवायला आयरिश माणसं ढिगानं आली, शिपाई म्हणून, कलेक्टर म्हणून, इंजिनिअर म्हणून. सिमल्याचा व्हाइसरॉयचा महाल १८८८ ला पुरा झाला, त्याचा रचनाकार हेन्री आयर्विन आयर्लंडचा. मद्रास हायकोर्टाचं काम १८९२ ला त्याच्याच हाताखाली संपलं, म्हैसूरचा आजचा राजवाडाही त्याचाच. जालियनवाला बागेच्या वेळी पंजाबचा लेफ्टनंट गव्हर्नर होता तो मायकेल ओड्वायर, तोही आयरिश. म्हणजे पाथरवट ओ'शे आणि साहेब आयर्विन एकाच बेटावरचे. वरचा-खालचा हा फरक देशापेक्षा कामाचा जास्त आहे असं मला वाटतं.

आणि दुसरी बाजूही बघा. जिथं पैसा आयरिश माणसाचा होता तिथं काय झालं? डब्लिनमध्ये १८७० साली वुड क्वे भागात 'आयरिश हाउस' नावाचा दारूचा गुत्ता बांधला. भिंतीवर चुन्या-गिलाव्याची मोठमोठी चित्रं, बर्नेट आणि कमरफोर्ड या कारागिरांची. त्यात डॅनियल ओ'कॉनेल, हेन्री ग्रॅटन असे त्यांचे पुढारी, आणि तार तुटलेल्या वीणेपाशी रडणारी आयर्लंडमाता. क्लबात माकड लपवून कोरावं लागलं, गुत्त्याच्या दर्शनी भिंतीवर पुढारी उघड बसले. १९६८ मध्ये ती इमारत पाडली, पण गिलाव्याचे ते तुकडे काढून जपलेत. उलट १८९० ला उघडलेल्या डब्लिनच्या सरकारी म्युझियमची गंमत बघा. रचनाकार डीनच, आता बाप आणि मुलगा मिळून. जमिनीवर राशिचक्राचं मोझेक, बघत राहावं असं. पण दारांवरचं लाकडी कोरीवकाम इटलीतल्या सिएना गावच्या कार्लो काम्बीकडून करून घेतलं. बॅलीहूलीच्या पोरांचा जमाना गेला होता.

इथंच कुठंतरी, ऑडिओत, बाबांचा फोन येतो.

राणीसावरगावात आमचं जुनं घर आहे. काळ्या दगडाचं जोतं, वर पांढऱ्या मातीचं माळवद, पाच खणांचं. माळवद दरवर्षी पावसाळ्याआधी माती टाकून दाबावं लागतं. आता ते करणारी माणसं मिळत नाहीत आणि दोन वर्षं झाली, ओसरीत टप-टप चालूच असते. बाबांनी ठरवलंय, पाडायचं आणि स्लॅबचं बांधायचं. मी विरोध केला नाही. गळक्या घरात आजी राहते, मी राहत नाही. लांब बसून 'वारसा जपा' म्हणणं सोपं असतं.

फोन होता तो हे सांगायला की जेसीबी सोमवारी येतोय.

त्या घराच्या दाराच्या डाव्या हाताला, लहान मुलाच्या उंचीवर, एका चिऱ्यात राघू कोरलाय. एकच. दारावर नाही, मधोमध नाही, असाच बाजूला. चोच थोडी झिजलीय, कारण आम्ही सगळी पोरं जाता-येता तिला हात लावायचो. आमचा दगड काळा, टणक. मुंबईत बारीक कोरीवकामाला पोरबंदरचा मऊ दगड आणायचे. आमच्या दगडावर पोपटाची चोच काढायची म्हणजे टाकीचे किती घाव लागले असतील. आणि कुणी सांगितलं असेल त्याला? घरमालकानं, म्हणजे माझ्या खापरपणजोबांनी? मला नाही वाटत. आमच्या घराण्यात असली हौस कुणाला असल्याची कुठलीच खूण नाही.

मी आजीला विचारलं, राघू कुणी केला?

आजी म्हणाली, "वडाराचं म्हातारं व्हतं म्हणं कुणीतरी. जोतं त्यानंच बांधलं. माझ्या सासूच्या सासूच्या येळंचं हाय ते."

"नाव काय त्याचं?"

"लेकरा, त्याचं नाव कोण इचारतंय? जेवायला वाढलं, पायली-दोन पायली जवारी दिली, गेलं."

म्हणजे तेच. व्हीटी असो नाहीतर राणीसावरगाव.

मी बाबांना म्हणालो, जोत्याचे सगळे चिरे ठेवा असं म्हणत नाही, पण तेवढा राघूचा दगड जेसीबीच्या आधी हातानं काढा. बाबा आधी वैतागले. म्हणाले, "एका दगडापायी दोन माणसांची मजुरी द्यायची का?" मी म्हटलं, मजुरी मी पाठवतो. त्यावर ते गप्प बसले. मग म्हणाले, "पैशाचं नाही रे. बघतो." फोन ठेवला. ऑडिओत तुम्हाला ऐकू येतं ते इथपर्यंत.

पुढचं ऑडिओत नाही, म्हणून इथं लिहितोय. रविवारी संध्याकाळी बाबांचा परत फोन आला. गावातल्या एका गवंड्याला घेऊन, पहारीनं, दोन तास लावून त्यांनी दगड काढला. फुटला नाही. नव्या घराच्या दाराशी, डाव्याच हाताला, त्याच उंचीवर बसवायचा असं आजीनं फर्मान काढलंय.

"आणखी एक," बाबा म्हणाले. "दगड पालथा केला तर मागच्या अंगाला काहीतरी काढलंय. तीन उभ्या रेघा आणि खाली एक गोल."

"म्हणजे काय?"

"मला काय ठाऊक? गवंडी म्हणतो मापाची खूण असंल. आजी म्हणती, त्या म्हाताऱ्याची सही." मग जरा थांबून म्हणाले, "फोटो पाठवतो. नवा बसवताना ती बाजू भिंतीत जाईल ना परत."